नोट उजेडासमोर धरताना
(महिला दिनी सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा सारांश)



बँकेतल्या माणसाने स्तनाच्या कॅन्सरवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. पण नोकरीभर नोटा हाताळल्या. शंका आली की नोट उजेडासमोर धरायची, म्हणजे आतलं चित्र दिसतं. तीच युक्ती आता शरीरासाठी वापरतात, ते थोडक्यात सांगतो.

लहानपणी दिवे गेले की आपण टॉर्चवर तळहात ठेवायचो. बोटं लालबुंद दिसायची, कारण लाल प्रकाश मांसातून थोडा पार जातो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी खोल, काही सेंटिमीटर जातो. वाटेत रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो.

वाढती गाठ नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. म्हणून स्तनातून असा प्रकाश सोडून किती बाहेर आला ते मोजलं, तर जास्त रक्त कुठे आहे याचं चित्र संगणक तयार करतो. न्यूयॉर्कच्या डॉ. मॅक्स कटलर यांनी १९२९ साली साध्या दिव्याने असा प्रयोग केला होता. यात क्ष-किरण नाहीत. केमोथेरपी लागू पडते आहे का, हे पाहण्यासाठीही संशोधक ही पद्धत वापरून बघत आहेत.

आता खात्याची दुसरी बाजू. प्रकाश आत विखुरतो, चित्र धूसर येतं, लहान गाठ निसटू शकते. त्यामुळे ही पद्धत मॅमोग्राफीची जागा घेऊ शकलेली नाही. कुणी नुसत्या दिव्याने तपासून ‘निर्धास्त राहा’ म्हणालं, तर त्यावर विसंबू नका.

आणि यंत्राची वाटही बघू नका. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या एका गटाची प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, नुसत्या हातांनी तपासणी केली. त्या गटातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

माझ्या थोरल्या बहिणीच्या हाताला गाठ लागली होती. दुखत नव्हती, शिवाय घरात लग्न होतं. आठ महिने ती बोलली नाही. सख्ख्या भावाला सांगायलाही लाजली. मीही कधी विचारलं नव्हतं. ताई आज नाही.

न दुखणारी गाठही दाखवायची असते, एवढंच तिला माहीत असायला हवं होतं. भगिनींनो, लाजू नका. आणि पुरुष मंडळी, आज घरी गेल्यावर एकदा विचारा.