ट्रेंटनला जायचंय ते कशासाठी?

(मंचाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



न्यू जर्सीच्या असेंब्लीसाठी जून २०२७ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत मी उभी राहते आहे. "आपली मराठी बाई" म्हणून मत द्या, असं मी म्हणणार नाही. मी काय करणार ते ऐका, मग ठरवा. व्हिसा आणि ग्रीन कार्ड ट्रेंटनच्या हातात नाही, त्यामुळे त्याचं आश्वासन माझ्याकडून मिळणार नाही.

पक्षातल्या बड्यांच्या आशीर्वादाशिवाय उभं राहणं पूर्वी जवळजवळ व्यर्थ होतं. बहुतेक काउंटींत पक्षाच्या पसंतीचे उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत छापले जात, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. अँडी किम यांच्या दाव्यात मार्च २०२४ मध्ये फेडरल कोर्टाने ही 'काउंटी लाइन' डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती थांबवली आणि २०२५ मध्ये कायदाच बदलला. म्हणून आज माझ्यासारखीला आशा आहे.

माझ्या यादीत तीन कामं आहेत.

पहिलं, परवडणारी घरं. माउंट लॉरेल गावात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना स्वतःच्याच गावात परवडेल असं घर मिळेना, कारण गावाच्या झोनिंगमध्ये तशा घरांना जागाच नव्हती. एथेल लॉरेन्स आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की वाढत्या गावांनी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आपला वाटा उचललाच पाहिजे. पळवाटा तरीही निघत राहिल्या. २०२४ च्या कायद्याने २०२५ ते २०३५ या काळासाठी गावांचा वाटा ठरवण्याची पद्धत आखून दिली, तेव्हा काही गावं त्याविरुद्धही कोर्टात गेली. हा कायदा पातळ करण्याच्या कुठल्याही विधेयकाला मी विरोध करीन.

या हॉलमध्येही हे सगळ्यांना रुचणार नाही, मला ठाऊक आहे. "शाळांवर ताण येईल, टॅक्स वाढेल, घराची किंमत पडेल," हे मी आपल्याच लोकांच्या दिवाणखान्यात ऐकलंय. टॅक्सची काळजी खरी आहे. २०२४ मध्ये राज्यातलं प्रॉपर्टी टॅक्सचं सरासरी बिल दहा हजार डॉलरच्या वर गेलं. म्हणून ज्या गावात मुलं वाढतील तिथे राज्याची शालेय मदतही वाढावी, यासाठी मी भांडेन. पण भीती किती खरी, तेही पाहा. माउंट लॉरेलमध्ये शेवटी जी घरं उभी राहिली, त्यांचा अभ्यास प्रिन्स्टनचे डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. शेजारच्या घरांच्या किमती, टॅक्स, गुन्हे, कशावरही वाईट परिणाम आढळला नाही.

पुण्या-मुंबईत आडनाव विचारून घर नाकारतात, तेव्हा आपण चिडतो. इथलं झोनिंग आडनावाऐवजी पगार विचारतं, एवढाच फरक.

दुसरं काम, बस आणि रेल्वे. जुलै २०२४ मध्ये एनजे ट्रान्झिटची भाडी १५ टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षी एक कोटी डॉलरहून जास्त नफा असलेल्या कंपन्यांवर अडीच टक्के अधिभार लावून तो पैसा ट्रान्झिटला द्यायचं ठरलं. त्याची मुदत २०२८ अखेर संपते, म्हणजे आता निवडून येणाऱ्या असेंब्लीच्याच काळात. मला तो कायम हवा आहे, आणि त्यातून गावातल्या बस वाढायला हव्या आहेत. भारतातून आलेले आईवडील सहा महिने घरात अडकून बसतात, हे आपण पाहतोच. नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या बाईचं तर बसवाचून चालतच नाही.

तिसरं काम आपल्या उंबरठ्याच्या आतलं. घरकामगारांच्या हक्कांचा कायदा जानेवारी २०२४ मध्ये मंजूर झाला. लेखी करार, कामात विश्रांती, किमान वेतन, हे सगळं त्यात आहे. पण मुलं सांभाळणाऱ्या, पोळ्या करून देणाऱ्या आपल्याकडच्या किती बायकांना ते ठाऊक आहे? निरीक्षक आणि त्यांच्या भाषेत माहिती, या दोन्हींसाठी बजेटमध्ये पैसा हवा.

आता माझी विनंती. कुठल्याच पक्षात नाव नोंदवलं नसेल, तरी मतदार म्हणून नोंद असलेल्यांना प्रायमरीच्या दिवशी पक्ष निवडून मत देता येतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणाऱ्या १७ वर्षांच्या मुलांनाही आता प्रायमरीत मत आहे. त्यांना बरोबर आणा. आणि घरांच्या मुद्द्यावर ज्यांना माझं पटत नाही, त्यांनी पहिला प्रश्न विचारावा.