कागदावर कुणाचं नाव?

(संस्थेच्या वार्षिक सभेत मंडळीचे सभासद व देणगीदार यांच्यासमोर केलेलं भाषण)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर जेवण आहे, म्हणून सरळ लाडवांकडे येते.

गेली काही वर्षं कापणीच्या सणाला आपण आमच्या सातपुड्यातल्या बहिणींनी केलेले मोहफुलांचे लाडू विकत घेत आला आहात. पाव किलो घेऊन शंभराची नोट ठेवायची आणि सुटे मागायचे नाहीत, असंही अनेकांनी केलं. देव आपलं भलं करो. पण आज कबूल करते की ते लाडू आम्ही नोंदणीशिवाय विकत होतो. पिशवीवर नाव नाही, तारीख नाही, वजन अंदाजे. 2006 चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा लहानात लहान उत्पादकालाही नोंदणी मागतो. चर्चच्या आवारात विकलं म्हणून सूट मिळत नाही. आपण विचारलं नाही, कारण आपण लाडू घेत नव्हता, मदत करत होता. तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानदाराला मात्र मदत करायची नव्हती. त्याने लाडू खाल्ला, छान म्हणाला आणि पिशवी परत दिली. "ताई, नंबर आणा, मग फळीवर ठेवतो."

मोह म्हटलं की आपल्याला दारू आठवते, आणि त्यात खोटं काही नाही. दारूने आमच्या पाड्यांवर किती घरं मोडली हे मी जवळून पाहिलं आहे. एका पंचांनी मला विचारलंही होतं, "मंडळीच्या टेबलावर मोह?" थोडा दोष त्या शब्दाचाही असावा. पण मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली पडणारं ते गोड, गुबगुबीत फूल वाळवून आदिवासी घरं टंचाईचे दिवस काढत आली आहेत. वनहक्क कायद्याने 2006 सालीच गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क मान्य केला. 2021 साली राज्य शासनाने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यांवरची जुनी बंधनं उठवली. ही कागदपत्रं मी पिशवीतच ठेवते, कारण एकदा एसटीच्या कंडक्टरने पोतं पाहून आमच्या एका बहिणीला भरल्या गाडीतून खाली उतरवलं होतं.

तर 2022 च्या उन्हाळ्यात आम्ही नोंदणीच्या मागे लागलो. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल तर परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. फी वर्षाला फक्त 100 रुपये. मला हे ठाऊक नव्हतं. मी एका एजंटाकडे गेले, त्याने 2,500 रुपये घेतले आणि "आठवड्यात काम होईल" म्हणाला. दोन महिने काहीच नाही. शेवटी कळलं की अर्जात एक कागद अपुरा होता आणि तशी सूचना कधीच आली होती. पण ती गेली एजंटाच्या मोबाइलवर आणि एजंटाच्या ई-मेलवर, कारण अर्जात त्याने स्वतःचेच नंबर घातले होते. पुढे नूतनीकरणाची आठवणही त्यालाच येणार, आणि आम्ही पुन्हा त्याच्याच दारात जाणार.

मला राग आला, आणि त्या रागात मी त्याच्यासारखंच केलं. म्हटलं, आता मीच अर्ज भरते. संस्थेचं नाव, संस्थेचा पत्ता, माझा मोबाइल. माझ्याकडे सगळे कागद तयार. एका दुपारचं काम. संध्याकाळी पाड्यावर जाऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं. गटाची अध्यक्षा मोहफुलं भाजत होती. आमच्याकडे लहान-मोठ्या सगळ्यांना अरे-तुरेच बोलतात, तेव्हा तिने सरळ विचारलं, "कागदावर तुझं नाव, मग लाडू कुणाचे?"

मी म्हटलं, अगं, तुमचेच. ती म्हणाली, "तुझी बदली झाली तर?"

मला उत्तर देता आलं नाही. नोंदणी ज्याच्या नावाची, त्याच्याबरोबरच ती राहते. एकाची दुसऱ्याला देता येत नाही. धर्मशास्त्राचा डिप्लोमा करताना मी सेवकाने मागे कसं राहावं यावर निबंध लिहिला होता. गुणही चांगले मिळाले होते.

मग नव्याने सुरुवात केली, अर्जदार अध्यक्षा. इथे एक गोष्ट आपल्या मंडळीच्या कामाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. तिच्या आधार कार्डावर जन्माचं नाव आहे, बँकेच्या पासबुकावर बाप्तिस्म्याचं. दोन्ही नावं तिचीच, पण संगणकाला त्या दोन बाया वाटतात. पाळकांनी प्रेमाने दिलेलं नाव आपण शाळेत एक, बँकेत दुसरं असं कसंही लिहून देतो आणि वीस वर्षांनी ते असं अडतं. बाप्तिस्म्याच्या वेळीच पाळकांनी घरच्यांना एवढं सांगावं, की सरकारी कागदांवर सगळीकडे एकच नाव ठेवा. आम्ही आधारवरचं नाव धरलं आणि बँकेत दुरुस्ती करून घेतली. त्यात सहा फेऱ्या गेल्या.

मग जागेचा पुरावा. घराचा नमुना 8 दिराच्या नावावर. त्याला वाटलं, सही केली की घर जाईल. तो दोन आठवडे आमच्यासमोर आलाच नाही. शेवटी गावच्या पोलीस पाटलांनी संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा सही झाली. ग्रामपंचायतीचा दाखला लवकर मिळाला. आणि फॉसकॉस या संकेतस्थळावर अर्ज भरायला तालुक्याला बसलो, तर ओटीपी येईना. अर्ध्या तासाने लक्षात आलं की तिच्या सिमला तीन महिने रिचार्जच नव्हता!

आता पाहणीचं सांगते. अर्ज आल्यावर 7 दिवसांत नोंदणी द्यावी, नाकारली तर लेखी कारण द्यावं, नाहीतर पाहणीची नोटीस काढावी, असा नियम आहे. आम्हाला नोटीस आली आणि बायका घाबरल्या. मीही मनात भांडणाची तयारी करून बसले होते. आलेले अन्न सुरक्षा अधिकारी तरुण होते. त्यांनी चूल पाहिली, पाण्याचा हंडा पाहिला, शेळ्या कुठे बांधता ते विचारलं. मग एक लाडू मागून खाल्ला आणि थांबले. दाताखाली रेती आली होती. गेली इतकी वर्षं आपणही ती रेती खाल्ली असणार आणि प्रेमापोटी बोलला नसणार.

फुलं जमिनीवरून वेचायची, अंगणात वाळवायची, मग रेती येणारच. त्यांच्या सांगण्यावरून आता झाडाखाली जाळी बांधतात आणि वाळवण बांबूच्या मांडवावर ताडपत्री घालून करतात. जाळीचा आणखी एक फायदा झाला. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची जुनी सवय होती, ती आमच्या पाड्यावर तरी बंद झाली. नियम म्हणजे गरिबांचा छळ, असं मी दहा ठिकाणी बोलले आहे. त्यातलं निम्मं मागे घेते.

14 आकडी नंबर आला आणि लेबलाची लढाई सुरू झाली. नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावा ती तारीख, सर्व करांसह किंमत, पत्ता, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. आपल्यातल्याच एका बंधूंनी फार सुंदर लेबल करून दिलं. त्यावर "रक्त वाढवणारा, अशक्तपणा घालवणारा" असं होतं. ते काढावं लागलं. अन्न विकताना रोग बरा होण्याचा दावा करता येत नाही. वजनकाटा वैध मापन शास्त्र विभागाकडून तपासून शिक्का मारून आणला. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांत काय आहे ते आपण जाणता. आमचा जुना काटा पाव किलोमागे दहा-बारा ग्रॅम जास्त देत होता, म्हणजे पापात आम्ही नव्हतो, फक्त तोट्यात होतो.

नोंदणी पाच वर्षांची घेतली आहे, 500 रुपये भरून. प्रमाणपत्रावरची मुदत 2027 पर्यंतची. ती तारीख अध्यक्षेने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली आहे आणि अर्जात मोबाइल तिचा, ई-मेल तिच्या मुलीने काढून दिलेला. प्रमाणपत्रावर तिचा फोटो आहे. तो तिला आवडत नाही, म्हणते डोळे मिटल्यासारखे आलेत. तरी नियमाप्रमाणे तो सर्वांना दिसेल असा लावलेला आहे.

त्या किराणा दुकानात आता लाडू फळीवर आहेत, चिक्कीच्या शेजारी. सगळे खपत नाहीत. गेल्या पावसाळ्यात अकरा पाकिटं परत आली.

बाहेर टेबलावर आजही ठेवले आहेत, अध्यक्षा स्वतः बसली आहे. किंमत पाकिटावर छापली आहे. तेवढेच पैसे द्या आणि कृपा करून सुटे परत घ्या, कारण ती हिशोब वहीत लिहिते आणि जास्तीचे पैसे कुठल्या रकान्यात घालायचे ते तिला कळत नाही.