डोंगरातला अपघात आणि घरातले प्रश्न



१८ जानेवारी २०२० रोजी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगची मोहीम सुरू असताना ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत दरीत कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. सह्याद्रीतल्या घळी, कडे आणि आडवाटा त्यांनी कित्येक वर्षं पालथ्या घातल्या होत्या. अनेकांना डोंगर दाखवला होता, शिकवला होता. नवख्याचा पाय घसरला की कारण चटकन सापडतं. जाणता माणूस गेला की सगळेच हादरतात, कारण आजवर आपण सुखरूप परतलो त्यात कौशल्य किती आणि नशीब किती, हा हिशेब मग टाळता येत नाही.

सह्याद्री उंचीने हिमालयाच्या जवळपासही नाही. हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणून तो सोपा, असं मात्र नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसून हा डोंगर झाला. त्यामुळे कातळाचा उभा टप्पा, मग गवताची तिरपी पट्टी, पुन्हा कातळ, अशी त्याची ठेवण. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं. दिवाळीनंतर ते वाळतं, पण तोवर गवत सुकून आडवं पडलेलं असतं आणि त्यावरून बूट सरळ सुटतो. पुढे उतारावर घसारा लागतो. सुटी बाजरी पसरावी तसा मुरूम, खाली घट्ट जमीन आणि बाजूला धरायला फार तर कारवीची वाळकी काडी. एप्रिल-मेमध्ये कातळ तापतो, टाकी आटतात, उष्माघात होतो. आग्या मोहोळ उठलं तर अरुंद पायऱ्यांवर पळायलाही जागा नसते.

त्यातही उतरण घातकी. चढताना कातळ डोळ्यांसमोर असतो आणि हाताला खोबण सापडते. उतरताना समोर दरी असते, गुडघे बोलू लागलेले असतात, पाणी संपत आलेलं असतं, आणि शेवटची एसटी गाठायची म्हणून कुणीतरी मागून घाई करत असतं. अपघाताला एवढं पुरतं.

अपघात झाला की धावून येतात ती पायथ्याची माणसं. कोकणकड्याखालचं बेलपाडा असो की गडाच्या दुसऱ्या अंगाचं पाचनई, ढोरवाटा आणि नळीच्या वाटा ठाऊक असतात त्या इथल्याच लोकांना. त्यांच्या जोडीला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक असतात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही संस्था अशा पथकांची सांगड घालते. यातले बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून, पदरमोड करून येतात. स्ट्रेचर उतरवायचं म्हणजे काही पावलांवर खांदेकरी बदलायचे, अवघड टप्प्यावर दोर लावायचा, पुढच्याने पाऊल टाकायची जागा मागच्याला ओरडून सांगायची. यात अख्खी रात्र जाते. खाली आल्यावर पंचनामा होतो आणि बातमी संपते.

घरच्यांचं तिथून सुरू होतं. गेलेल्याची चिखल लागलेली सॅक घरी येते, फोन येतो. त्या फोनमधले शेवटचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले जातात. मग प्रश्न पडतात. तो पुढे होता की मागे? दोर होता का? हाक मारली होती का? किती वेळ जिवंत होता? भेटायला आलेले लोक मात्र म्हणतात, ‘आवडत्या जागी गेला, भाग्यवान.’ नाहीतर दबक्या आवाजात, ‘जायचंच कशाला होतं असल्या ठिकाणी?’ पहिलं वाक्य आईच्या प्रश्नांचं तोंड बंद करतं, दुसरं गेलेल्या मुलालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. त्या घराला हवी असते घडल्या गोष्टीची खरी, सलग हकिकत.

ती मिळाली नाही की काय होतं, हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आल्प्समधल्या मॅटरहॉर्नने दाखवून दिलं. १४ जुलै १८६५ रोजी गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा साथीदार या शिखरावर पहिल्यांदा पोहोचले. उतरताना एकाचा पाय सुटला, त्याच्यासोबत आणखी तिघे ओढले गेले, दोर तुटला आणि चौघे गेले. त्यांपैकी लॉर्ड फ्रान्सिस डग्लस यांचा देह कधीच सापडला नाही. वाचलेल्यांपैकी वाटाड्या थोरल्या पेटर टाउगवाल्डरने दोर कापला, अशी कुजबुज सुरू झाली. चौकशीत तो निर्दोष ठरला, पण त्यातले जबाब तेव्हा लोकांसमोर आलेच नाहीत. संशय आयुष्यभर त्याच्या मागे राहिला. त्या तुटक्या दोराचा तुकडा आजही पायथ्याच्या झेरमाट गावातल्या संग्रहालयात आहे.

अमेरिकन अल्पाइन क्लबने दुसरी वाट धरली. १९४८ पासून हा क्लब पर्वतातल्या अपघातांची वार्षिक नोंद छापतो: काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं, कुठे वेगळा निर्णय घेता आला असता. चूक स्पष्ट लिहायची, पण माणसाला फासावर लटकवायचं नाही, असा तिचा सूर असतो. आपल्याकडे अपघातानंतर व्हॉट्सअॅपवर दोन दिवस आरोपांचा धुरळा उडतो आणि पुढच्या शनिवारी त्याच वाटेवर नवी तुकडी निघते, जुन्यातलं काहीही न कळता. महाराष्ट्रात साहसी उपक्रमांच्या नियमांची चर्चा सुरू झाली तीही हिमालयात मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी उच्च न्यायालयाचं दार ठोठावल्यावर. त्यानंतर शासन निर्णय निघाले, त्यांवर वाद झाले, आणि २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. दुःखातून उभं राहिलेलं हे काम आहे. ते पुढे नेण्याची जबाबदारी फक्त त्या आईवडिलांवर टाकणं बरं नाही.

सोबत गेलेल्यांचं काय, हे तर कुणी विचारतच नाही. ज्याने दोर बांधला, ज्याने ‘चल रे, काही होत नाही’ म्हटलं, जो दोन पावलं पुढे होता, त्याला झोप लागत नाही. डोंगर नकोसा होतो, किंवा तो आणखी अवघड वाटांवर स्वतःला झोकून देतो. घरच्यांची आणखी एक कोंडी असते: शरीर सापडलंच नाही तर दिवस घालायचे की वाट पाहायची, हेही उमगत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा अधांतरी विरहावर अनेक वर्षं काम केलं आहे. अशा घरांवर ‘आता स्वीकारा’ असा दबाव आणू नये, असं त्यांचं सांगणं. आस आणि शोक दोन्ही एकाच वेळी मनात असू शकतात, आणि तसं असणं हा काही आजार नव्हे.

मदत मागायलाही लाज वाटायचं कारण नाही. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

ट्रेकिंग संस्थांनी या पावसाळ्याआधी तीन गोष्टी कराव्यात. गेल्या वर्षीच्या प्रत्येक अपघाताची हकिकत घरच्यांच्या संमतीने लिहून काढावी आणि ती नव्या सभासदांच्या पहिल्या बैठकीत वाचावी. अपघात झाल्यास त्या घराशी बोलायला एक जाणता माणूस नेमावा. त्याने तेराव्यानंतरही जात राहावं, वर्षश्राद्धालाही जावं, आणि विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं. आणि अपघातातून वाचलेल्या सोबत्याला ‘पुढच्या ट्रेकला येतोस ना?’ असं विचारण्याआधी त्याच्या घरी जाऊन त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं.