लीव्ह म्हणजे सुट्टी नव्हे

आम्ही घाटकोपरच्या दहा-बाराजणी दर शनिवारी दुपारी, मागचं आवरून, इंग्रजी शिकायला बसतो. सुटे शब्द आता बरेच येतात. शब्द जोडीने आले की मात्र अडतं.

परवा आमच्यातल्या एकीने भाड्याच्या खोलीचा करार आणला. वर ठळक लिहिलेलं, 'लीव्ह अँड लायसन्स'. लीव्ह म्हणजे सुट्टी, नाहीतर निघून जाणं. लायसन्स गाडी चालवायचं. राहायला येणाऱ्याला आधीच 'जा' का म्हणतात? आम्ही खूप हसलो.

मग ओळखीच्या वकीलताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लीव्हचा एक जुना अर्थ परवानगी असा आहे आणि लायसन्स म्हणजेही परवानगीच. पहिला शब्द मूळचा इंग्रजी, दुसरा फ्रेंचमधून आलेला. आपण नाही का 'धनदौलत' म्हणत? धन संस्कृत, दौलत फारसीतून आलेली, अर्थ एकच.

पुढचं ऐकून मात्र हसू थांबलं. ही नुसती राहायची परवानगी आहे. भाडेकरूचा हक्क त्यातून मिळत नाही. मुदत संपली की खोली सोडायची. सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम भरावी लागू शकते.

खाली आणखी एक ओळ होती, 'नॉर्मल वेअर अँड टेअर एक्सेप्टेड'. आम्हाला वाटलं, घालणं, फाडणं आणि स्वीकारणं! खरा अर्थ असा : रोजच्या वापराने होणारी झीज वगळून. म्हणजे रंग थोडा उडाला, नळ जुना झाला, तर त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे नाहीत. आमच्यातल्या दुसरीचे मागच्या वर्षी रंगाचे म्हणून बारा हजार कापले होते. तिच्या करारातही हीच ओळ निघाली. तिला ती वाचता येत होती, पण समजली नव्हती.

'लॉक-इन पीरियड' म्हणजे कुणी कोंडून ठेवत नाही. तेवढे महिने करार मध्येच मोडता येत नाही, एवढंच.

मैत्रिणींनो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार असला तरी नोंदणी लागतेच. करार मराठीतही करता येतो, तसा मागा.

इंग्रजीत असेल, तर न कळलेल्या जोडशब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि विचारा. एजंट 'सगळ्यांचं असंच असतं, ताई' म्हणेल. म्हणू दे. आपण म्हणायचं, "दादा, अर्थ सांगा, मग सही करते."

पुढच्या शनिवारी आमची सगळ्यांची कपाटातली जुनी कागदपत्रं बाहेर निघणार आहेत. तुमचीही काढा.