नाट्यगृह आणि आपले अल्बम



मी सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे बॅकअप नसलेली गोष्ट असून नसल्यासारखीच धरतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती!

शाहू महाराजांनी १९१५ मध्ये ते ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभं केलं. शेजारी त्यांचंच खासबाग मैदान. कुस्ती आणि संगीत नाटक असे शेजारी-शेजारी नांदवणारं गाव दुसरं कुठे असेल, असं मला तरी वाटत नाही. (कोल्हापूरकर आहे, चालवून घ्या.)

आग लागल्यावर सगळ्यांची मागणी एकच होती, जसं होतं तसंच बांधा. पण तसं म्हणजे नेमकं कसं? भिंतींची मापं घेता येतात. पडद्याची झालर, कठड्याची नक्षी, दिव्यांच्या जागा, खुर्च्यांच्या रांगा कुठून आणायच्या? त्या आपल्या घरी आहेत. गॅदरिंगचे, एकांकिका स्पर्धेचे फोटो काढून बघा. त्यात आपण पुढे आणि नाट्यगृह मागे. मला मागचं हवंय.

तेव्हा फोटो कापू नका, मागे वर्ष लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर पाठवूच नका, तिथे बारकावे जातात. ज्यांनी अल्बम आणलेत त्यांनी जेवण झालं की दहावीच्या वर्गात या. स्कॅनर लावून बसते.