अंगणातील काटेरी तण : काढावे केव्हा आणि कसे?



विषय साधा आहे. त्यासाठी भाषण कशाला, असेही कोणाला वाटेल. परंतु घराभोवती, परसात व रिकाम्या प्लॉटवर कमरेइतक्या वाढणाऱ्या पिवळ्या धोतऱ्याविषयी दोन शब्द सांगणे आम्हास आवश्यक वाटते.

नावात धोतरा असला तरी हे झाड धोतऱ्याच्या कुळातले नाही. ते खसखशीच्या कुळातले, मूळचे मेक्सिकोकडचे. निळसर हिरव्या पानांवर पांढऱ्या शिरा, कडांना काटे, पिवळे फूल, मोडले की पिवळा चीक. हा चीक डोळ्यांत घालण्याचा जुना घरगुती उपाय आहे. तो कोणीही करू नये.

खरा धोका बियांत आहे. त्या काळ्या, मोहरीएवढ्या, मोहरीसारख्याच दिसतात. त्यांचे तेल खाद्यतेलात मिसळले गेले तर पाय सुजतात, धाप लागते, हृदय निकामी होऊ शकते. 1998 साली दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे ही साथ आली आणि 60हून अधिक माणसे दगावली. सुटे, स्वस्त तेल घेणारी गरीब कुटुंबेच अशा वेळी आधी सापडतात. अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांच्या हाती ही बोंडे लागू नयेत, हेही मातांनी पाहावे.

आता काढण्याविषयी. आपल्या वस्त्यांत मोठी साफसफाई होते ती 14 एप्रिलच्या जयंतीपूर्वी. उत्साह वाखाणण्याजोगा, पण या तणासाठी ती वेळ उशिराची आहे. तोवर बरीच बोंडे टोकाशी उकलून बी जमिनीत पडलेले असते, आणि ते पुढे काही वर्षे टिकते. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास रोप जमिनीलगत पसरलेले असते. तेव्हा ओल असताना खुरप्याने सोटमुळासह काढावे. पाच मिनिटांत अंगण मोकळे होते. कोयत्याने वरवर छाटण्यात अर्थ नाही, बुडखा पुन्हा फुटतो. बोंडे धरलीच असतील तर हाताला गोणपाट गुंडाळून ती आधी पोत्यात काढावीत, मग झाड उपटावे. ही बोंडे खतखड्ड्यात टाकू नयेत. फुलापूर्वीचे रोप टाकण्यास हरकत नाही.

दुसरे काटेरी तण काटेमाठाचे. पानांच्या बगलेत याला जोडीने काटे असतात. हा विषारी नाही. कोवळ्या पानांची भाजी आपल्या आज्या करीत, व चांगली करीत! पण बी अतिशय बारीक आणि अमाप, म्हणून तुरा येण्यापूर्वी, पावसाळ्यातच उपटावा.

तणनाशकाची बाटली आणावी का, असे विद्यार्थी विचारतात. जिथे मुले खेळतात, कोंबड्या चरतात, त्या अंगणात आमचे मत खुरप्याच्याच बाजूने आहे. संस्थेच्या युवकांनी यंदा दिवाळीनंतरचा एक रविवार त्यासाठी ठेवावा; खुरपी व गोणपाट ज्याने त्याने घरून आणावे.