मधुमेह्याचें पाऊल

पावसाळ्यांत आमच्या कसाऱ्याकडे भाताची लावणी सुरू झाली, कीं माणसें दिवसच्या दिवस अनवाणी चिखलांत उभीं असतात. काटा रुतला तर कोणीहि ओरडेल. परंतु जुन्या मधुमेहाचा रोगी पुष्कळदां ओरडतच नाहीं, कारण त्याच्या पायांतील ज्ञानतंतू बधिर झालेले असतात. दुखत नाहीं म्हणून तो चालत राहतो, आणि जखम खोल जाते. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांचें हेंच दुखणें ओळखून वेल्लोरास डॉ. पॉल ब्रँड व त्यांचे सहकारी यांनीं मऊ रबराच्या वहाणा करविल्या होत्या. तशा वहाणा आज मधुमेह्यांसहि देतात.

दुसरें संकट रक्तवाहिन्यांचें. त्या अरुंद झाल्या, तर पोटांत घेतलेलें औषध जखमेपर्यंत पोंचणार कसें? तें रक्ताच्याच वाटेनें जावयाचें! म्हणून नुसती मलमपट्टी करीत बसूं नये. डॉक्टर घोट्याजवळील रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशीं ताडून पाहतात, गुणोत्तर ०.९ हून कमी भरलें, तर प्रवाह मंदावला असें समजावें. मधुमेहांत वाहिन्या कठीण होऊन हा आंकडा कधीं फसवितोहि. पू सांचला असेल तर तो तत्काळ काढावाच लागतो. पण वाहिनी मोकळी न करितां बोट कापलें, तर ती नवी जखमहि बहुधा भरत नाहीं.

गरम पाण्याचा शेक हा घरोघरचा लाडका उपाय. बधिर पायास तो भाजून काढतो. लाली पसरली, दुर्गंधी सुटली, बोट काळवंडलें किंवा ताप आला, तर लावणी राहिली तरी त्याच दिवशीं शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय गांठावें. पुढें मुंबईस जाण्यास कसाऱ्याहून लोकल आहे. मात्र रोग्यास स्टेशनाच्या जिन्यावरून चालवूं नये, उचलून न्यावें.